म्हात्रेकाकांचा फॉर्म

आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली. दारात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे. पायजम्यावर इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात तीन पेनं आणि काखेत कागद लावलेलं पॅड. मला वाटलं, जनगणनेवाले आले.

"बाई, काल तुमी वॉचमनला सांगितलंत की तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला टाकला की किडे होत नाय. सांगितलंत ना?"

मी शाळेत शिकवते हेही त्यांना वॉचमनकडूनच कळलं असावं, कारण पहिल्याच वाक्यात मी बाई झाले होते. "हो, सांगितलं," मी घाबरतच म्हणाले. "का? झाले का किडे?"

"किड्यांचं नंतर बगू. ही माहिती तुमची सोताची हाय, का कोनाकडून आली?"

"आईकडून."

"आई हायेत?"

"आहे. सांगलीला असते."

"मग त्यांची सही टपालानं मागवू. तोवर तुमी इथं करा."

पॅडवरचा कागद मी वाचला. मथळा होता 'संमतिपत्र'. खाली लिहिलं होतं, 'मी खाली सही करणार, माझ्याजवळची पुढील माहिती राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता सर्वांसाठी खुली करीत आहे. ती कोणीही वापरावी, कोणीही दुरुस्त करावी, कोणीही वाढवावी. वापरताना माझे नाव सांगावे.' त्याखाली दोन चौकोन. एकापुढे 'खुले', दुसऱ्यापुढे 'खुले नाही'. मग सही, माहिती देणाऱ्याशी नाते आणि शेवटी साक्षीदार.

"तांदळातल्या किड्यांसाठी एवढं?"

"आज किडे हायेत. उद्या..." ते एकदम थांबले, जीभ चावली आणि म्हणाले, "नंतर आनखी काय असेल."

मी सही केली. साक्षीदार म्हणून त्यांनी पाव द्यायला आलेल्या माणसाची सही घेतली. आठवड्याने सांगलीहून आईचा फोन आला. तिला खरोखरच टपालाने फॉर्म पोचला होता, परतीचं तिकीट लावलेल्या पाकिटासकट. तिने पहिल्या चौकोनात खूण केली, सही केली आणि कागदाच्या मागे कडुलिंबाचे आणखी तीन उपयोग लिहून पाठवले. सत्तर वर्षांत तिला तिच्या माहितीबद्दल लेखी कोणी विचारलं नव्हतं. फॉर्मची दुसरी प्रत तिने देवघरात ठेवली आहे.

तर हे पांडुरंग म्हात्रे. आमच्या इमारतीचे म्हात्रेकाका. तळमजल्यावर दोन खोल्यांत राहतात आणि त्यातल्या बाहेरच्या खोलीत 'उघडं कपाट' नावाची संस्था चालवतात. लोकांजवळची माहिती गोळा करायची आणि ती इंटरनेटवर सगळ्यांना फुकट वाचायला, वापरायला ठेवायची, एवढंच संस्थेचं काम. एक जुना संगणक, एक कुरकुरणारा स्कॅनर आणि एक लोखंडी कपाट, ही मालमत्ता. कपाटाचं कुलूप काकांनी स्वतः पेचकसाने काढून टाकलं आहे आणि तिथे पडलेल्या भोकात आता एक पाल राहते. संगणकाचा पासवर्ड भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. संस्था नोंदवायची ठरली तेव्हा सात नावं लागत होती आणि सहा जमली होती. मी नको म्हणायला तोंड उघडलं तोवर सचिव झाले होते. माझा नवरा सहावा. त्याला ते भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचून कळलं.

'उघडं कपाट'मध्ये काय नाही? खाडीच्या भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत. जत्रांची जुनी पत्रकं आहेत. तांदळाच्या भाकरीची उकड नेमकी किती पाण्यात काढायची, यावर सात गावांतल्या सात बायकांची सात मतं आहेत आणि प्रत्येकीची सही आहे. मिठागरात पाणी कधी घ्यायचं, कधी सोडायचं, हे सांगणारे म्हातारे आहेत. आणि काकांच्या विशेष जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे शेतांची नावं. नवीन पनवेलचे सेक्टर पडायच्या आधी इथे शेतं होती आणि प्रत्येक शेताला नाव होतं. काकांनी जुन्या माणसांना हिंडवून, विचारून त्याचा नकाशा केला आहे. तो बघून त्यांनी एकदा माझ्या नवऱ्याला सांगितलं, "तुमचा हॉल येतो उंबराच्या खाचरात. स्वयंपाकघर येतं भुताच्या कोपऱ्यात." फ्लॅट घेताना हे कोणी सांगितलं नव्हतं, असं म्हणत नवरा दोन दिवस स्वयंपाकघरात गेला नाही. एरवीही तो जात नाहीच, पण त्या दोन दिवसांना निदान कारण होतं.

फॉर्मवर दुसरा चौकोन कशासाठी, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. सगळं खुलंच करायचं असेल तर 'खुले नाही' छापायचं कशाला?

"नाय म्हनायची सोय नसेल तर हो ला काय किंमत, बाई?"

हे तत्त्व फार थोर आहे. पण प्रत्यक्षात तो दुसरा चौकोन कोणालाही वापरू देण्याची काकांची तयारी नसते. एखाद्याचं पेन चुकून तिकडे वळलं की काका फॉर्म हळूच काढून घेतात, "विचार करा, घाई नाय," म्हणतात आणि तिथेच बसून राहतात. बाजारात मसाला कुटून विकणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्या दुकानात ते चार दिवस असे बसले होते. गिऱ्हाइकांना ते नवे कामगार वाटायला लागले. शेवटी बाईंनी कंटाळून मसाल्याचे सगळे जिन्नस सांगितले, एक सोडून. काकांनी तसंच प्रसिद्ध केलं आणि खाली टीप लिहिली, 'यातला एक जिन्नस मालकीणबाईंनी स्वतःजवळ ठेवला आहे. त्यांचा मान राखावा.' कपाटात एवढे फॉर्म आहेत, पण दुसऱ्या चौकोनात खूण केलेला एकही नाही. सचिव या नात्याने मी ते सगळे चाळले आहेत.

फॉर्म नाही तर माहिती नाही, हा नियम. यात सूट नाही. एकदा कोणीतरी जुन्या पनवेलच्या बाजारपेठेचे सुंदर फोटो आणून दिले, आम्ही ते लावले आणि मग कळलं की फॉर्मवर सही फोटो काढणाऱ्याची नाही, पुतण्याची आहे. काकांनी सगळे फोटो त्याच दिवशी उतरवले आणि वेबसाइटवर माफी लिहिली. माफीचं पान अजून आहे. तेही खुलं आहे.

'उद्या' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून येत नाही. आलाच तर मधे तुटतो. गॅसवाला उद्या येतो म्हणाला की काका त्याला तारीख विचारतात. मी एकदा सहज म्हणाले, "उद्या बघू," तर त्यांचा चेहरा असा पडला की मला चुकल्यासारखं झालं. त्या दिवशी त्यांनी सांगितलं. तीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत रेकॉर्डच्या खोलीत होते. लोक जुन्या कागदांच्या नकला मागायला यायचे आणि काका त्यांना सांगायचे, उद्या या. ओळखीचा असेल त्याला आज, नसेल त्याला उद्या. "वाईट माणूस नव्हतो बाई मी. तशीच रीत होती. एक म्हातारा सात वेळा आला. आठव्या वेळी त्याचा मुलगा आला, बाप गेला म्हनून सांगायला. त्याचा कागद माझ्या टेबलाखालच्या गठ्ठ्यात होता. पाय ठेवायचो मी त्याच्यावर."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि मग मला स्कॅनरची काच पुसायला लावली.

आता मंजुळाकाकूंबद्दल सांगायला हवं. त्या म्हात्रेकाकांच्या पत्नी. चार वर्षांपूर्वी गेल्या. ठेंगण्या, सावळ्या, खणखणीत आवाजाच्या. त्या धवलारीण होत्या. इकडच्या आगरी लग्नात भटजींच्या बरोबरीने, काही घरांत त्यांच्याही आधी, धवलारणीचा मान असतो. मांडवात बसून ती धवळे म्हणते, म्हणजे लग्नातल्या एकेका विधीची लांबलचक गाणी. ती पाठ असावी लागतात, कारण ती कोणी लिहून ठेवलेली नाहीत. काकूंना कोन गावापासून उरणपर्यंत बोलावणी असत. काका मागून मोबाइल घेऊन जात आणि रेकॉर्ड करत. घराला कुलूप न लावता दोघं निघाली की काकू जिन्यात मला म्हणायच्या, "बाई, आमच्याकडं चोर आला तर त्याला च्या द्या. आनि ह्यांचा फॉर्म पन द्या."

त्या गेल्यावर काकांच्या दिनक्रमात बाहेरून काही फरक पडला नाही. तोच शर्ट, तीच तीन पेनं. फक्त संगणकावर 'मंजुळा' नावाची एक फाइल होती. तिच्यात काकूंचा सगळ्यात मोठा धवळा होता. हळदीच्या आधी देवांना, पितरांना, गावच्या वेशीला, विहिरीला नावं घेऊन लग्नाला बोलावतात, तो. ती फाइल वेबसाइटवर गेली नव्हती. मी एकदा विचारलं.

"फॉर्म नाय," काका म्हणाले.

"काकूंचा?"

"घरच्या मानसाला कोन फॉर्म देतं? राहून गेलं."

"तुम्ही वारस आहात. नियमाने तुम्ही सही करू शकता."

"वारस घराचा असतो, भांड्यांचा असतो. आवाजाचा कसा होईल?" असं म्हणून ते भरती-ओहोटीच्या कोष्टकाकडे वळले. मी विषय सोडून दिला.

तो विषय परत आणला संगीताने. संगीता कोनची, तिशीतली, ब्लाउज शिवते. तिच्या सासूबाई जनाबाई या तिकडच्या जुन्या धवलारीण. एका रविवारी सकाळी दोघी रिक्षाने आल्या. मी तेव्हा काकांच्या खोलीत फॉर्म लावत बसले होते. जनाबाईंना दम लागत होता. संगीताने त्यांना खुर्चीत बसवलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं.

"काका, पुढच्या रविवारी रोडपालीला लग्न आहे. आईंना आता गायला होत नाही, म्हणून मी बसणार आहे. पहिल्यांदाच. देव बोलवायचा धवळा मला अर्धा येतो. पुढचा आईंना आठवत नाही. तो पूर्ण फक्त मंजुळाकाकूंना येत होता."

"नावा सांडतान रं," जनाबाई म्हणाल्या. "विहिरीपरेंत येते नि पुढं काय नाय. कोरा."

"लग्नघरातले आत्ताच म्हणतायत, धवलारीण कशाला, मोबाइलवर गाणी लावू. मी अर्ध्यात अडकले तर झालंच मग. आमच्याकडे परत कोणी बोलवायला येणार नाही." संगीताने संगणकाकडे बघितलं. "तुमच्याकडे रेकॉर्डिंग आहे असं कळलं."

काकांनी हातातलं पेन खिशाला लावलं. मग म्हणाले, "फॉर्म नाय तिचा."

मला राग आला. आठ वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला. "अहो, लावू नका वेबसाइटवर. हिला नुसतं ऐकवा. कोणाला कळणार आहे?"

"एकीला ऐकवायचं आनि बाकीच्यांना नाय? म्हंजे ओळखीवर नक्कल देनं झालं, बाई. तीस वर्सं तेच केलं. द्यायचं तर सगळ्यांना, नायतर कोनालाच नाय."

"मग सगळ्यांना द्या!"

"ती हो म्हनाली नव्हती."

मग जनाबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. त्या काकांपेक्षा दहाबारा वर्षांनी मोठ्या, त्यांना पांडू म्हणणाऱ्या बहुधा आता त्या एकट्याच.

"पांडू, मंजू कवा दार लावून गायली रं? मांडवात गायली ती. मांडवाला दार असतं काय? येनारा-जानारा ऐकायचा. तिनी कवा कोनाला उठवलान काय, का तू नको ऐकू? मना सांग."

जनाबाईंना रिक्षापर्यंत पोचवायला काका स्वतः गेले. संगीता जाता जाता त्यांना म्हणाली, "काका, कधी कळवाल?" काकांचे ओठ हलले होते आणि कुठला शब्द येतोय हे मला दिसत होतं.

"मंगळवारी," काका म्हणाले. "संध्याकाळी पाच वाजता."

मंगळवारी मी शाळेतून आले तेव्हा ते जिन्यात उभे होते. "बाई, जरा बसाल का? साक्षीदार लागेल." मी पर्स खांद्यावर ठेवूनच आत गेले. संगणक चालू होता. ती फाइल पडद्यावर उघडी होती, पण सुरू केलेली नव्हती.

"चार वर्सांत लावली नाय मी," ते म्हणाले. "फॉर्म नाय हे खरं. पन फॉर्म असता तरी लावली नसती. तुमच्यापासून काय लपवायचं."

मग त्यांनी बटण दाबलं.

काकूंचा आवाज खोलीत आला आणि मला एकदम जिन्यात उभ्या काकू दिसल्या. त्या देव बोलावत होत्या. एकेक नाव येत होतं, न चुकता, न थांबता. मागे भांड्यांचा आवाज, कोणाचं तरी रडणारं पोर, कुत्रं. विहीर आली. संगीता जिथे अडकत होती ती जागा गेली आणि धवळा पुढे निघाला. गेलेली माणसं आली, बुजवलेली तळी आली, आणि काकांनी वर्षानुवर्षं म्हाताऱ्यांना विचारून नकाशात भरलेली ती शेतांची नावं, तीही त्यात होती. उंबराचं खाचर होतं. भुताचा कोपरासुद्धा होता. काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. "घरात व्हतं बगा सगळं," ते म्हणाले. "आनि मी गावभर फॉर्म घेऊन फिरलो."

धवळा संपला. पण रेकॉर्डिंग संपलं नव्हतं. थोडी शांतता आणि मग काकूंचाच आवाज, गाण्याचा नव्हे, घरातला, दमलेला. "झालं. बंद करा आता ते. चला, जेवून घ्या."

मग खट्ट.

काका तसेच बसून होते. मी खिडकीबाहेर बघत राहिले. काही वेळाने त्यांनी माउस धरला आणि फाइलचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा धवळ्याचा. छोटा सहा सेकंदांचा. ते त्यांनी मला करू दिलं नाही, स्वतःच केलं, एकदा चुकलं म्हणून परत केलं.

मग दोन फॉर्म काढले. पहिल्यावर लिहिलं, 'देव बोलावण्याचा धवळा, पूर्ण. गायिका: मंजुळा म्हात्रे.' पहिल्या चौकोनात खूण केली. 'माहिती देणाऱ्याशी नाते' या रकान्यात 'नवरा' लिहिलं आणि सही केली. मी साक्षीदार म्हणून सही केली. फोन करून त्यांनी संगीताला सांगितलं, "लावलाय. कोनीबी ऐकू शकतं, तू पन." तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती.

दुसऱ्या फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'सहा सेकंद. मंजुळेचं बोलणं.' पेन पहिल्या चौकोनाजवळ गेलं, थांबलं आणि दुसऱ्यावर आलं. 'खुले नाही' या चौकोनात त्यांनी हळूच, नीट खूण केली. मग पॅड माझ्यापुढे सरकवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

विचार करा, घाई नाय, असं म्हणायची माझी पाळी होती. मी म्हणाले नाही. सही केली. तो फॉर्म त्यांनी बाकीच्यांबरोबर त्याच बिनकुलपाच्या कपाटात लावला.

रविवारी आम्ही रोडपालीला गेलो. संगीता हिरवी साडी नेसून मांडवात बसली होती. जनाबाई शेजारी, नुसत्या ओठ हलवत. सुरुवातीला पोरं मोबाइल बघत होती. विहिरीची जागा आली. संगीता पुढे गेली. जुनी माणसं एकेक करून जवळ सरकायला लागली, कारण त्यांच्या गेलेल्या शेतांची नावं येत होती. एक म्हातारे प्रत्येक नावाला मान हलवत होते. वराच्या आजीने तर मधेच मोबाइलवाल्या एका पोराच्या पाठीत धपाटा घातला.

काका खांबाला टेकून रेकॉर्ड करत होते. संगीताचा फॉर्म सकाळीच भरून घेतलेला होता.

धवळा संपला. माणसं उठली, हळदीची गडबड सुरू झाली, पलीकडे पंगतीची ताटं मांडायला लागले. काका हलले नाहीत. फोन तसाच पुढे धरलेला, रेकॉर्डिंग चालू, मान थोडी कललेली. मी त्यांच्याजवळ गेले आणि मला समजलं ते कशाची वाट बघत होते. सवयीने. इतकी वर्षं धवळा संपला की पुढे काय ऐकू येतं, हे त्यांच्या कानाला ठाऊक होतं.

चला काका, जेवून घ्या, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. कोणीही म्हणेल असं वाक्य. पण त्या सहा सेकंदांच्या फॉर्मवर साक्षीदार मीच होते.

मी एक ताट वाढून आणलं आणि त्यांच्या हातात दिलं.